सुरगाण्याची बिनतुरट कोय

आंब्यासाठी प्रवास करायचा तो वैशाखात, हे रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी गेले मार्गशीर्षात. झाडांवर फळ सोडाच, मोहोरही नव्हता. माझं काम आंब्याच्या ज्या भागाशी होतं तो आम्ही चोखून झाला की परसात भिरकावतो. आमच्याकडे त्याला बाठा म्हणतात, नाशिककडे कोय. कोयीचं कवच फोडलं की आत पांढरट बी असतं, त्या बियाच्या जोरावर मी नाशिकला सत्कार घ्यायला निघाले होते. माझ्या नणंदेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हापूस सोडून त्यांच्या गावठी आंब्याचा बाठा? तुम्हाला कोण बोलवतं तरी कसं?"

कोण बोलवतं ते सांगते. तीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी प्रयोगशाळेची एक किल्ली अजून माझ्याकडे आहे, कारण ती परत मागायचं धाडस कोणाला झालेलं नाही. माझा जुना विद्यार्थी हेमंत आता नाशिक रोडला राहतो आणि सुरगाणा तालुक्यात फळझाडांचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करतो. त्यानं गेल्या जूनमध्ये मला तीन पिशव्या पाठवल्या. तिथल्या एका पाड्यावरच्या, शाळेमागच्या एकाच आंब्याची फळं. एका पिशवीत वाळवलेली साल, दुसरीत वाळवलेला रस, तिसरीत कोयीतलं बी. कशात काय पोषण आहे ते बघा, एवढीच त्याची विनंती होती.

साल अपेक्षेप्रमाणे निघाली. चोथा आणि खनिजं गरापेक्षा जास्त, म्हणजे माणसं जे सोलून टाकतात तेच पोटाला बरं, हा नेहमीचा विनोद. रसात साखर आणि पिवळा रंग देणारं कॅरोटीन. हापूसपुढे विशेष काही नाही, असा शेरा मी लिहिला, आणि तो लिहिताना मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. बियानं मात्र मला खुर्चीवरून उठवलं. त्यात पिठूळ भाग भरपूर, चरबी चांगली, आणि टॅनिन जवळजवळ नाहीच.

टॅनिन म्हणजे ज्यानं कच्ची सुपारी किंवा जांभळाची बी तोंड आवळून टाकते ते तुरट द्रव्य. आंब्याच्या बियात ते इतकं असतं की त्यातलं चांगलं अन्नही अंगी लागत नाही, आणि गुरंसुद्धा ते फार खाऊ शकत नाहीत. म्हणून कोयी उकिरड्यावर जातात. बिनतुरट बियाचं झाड सापडलं तर प्रत्येक कोयीतून मूठभर पीठ फुकट मिळेल. मी तपासणी तीनदा केली आणि तिन्ही वेळा तेच आलं. निकाल फार चांगला आला तर आधी स्वतःवर संशय घ्या, असं मी तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी पेढे आणले.

नमुन्यासोबतच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'नमुना कसा वाळवला?' हेमंतनं त्यात लिहिलं होतं, 'उन्हात'. ते शंभर टक्के खरं होतं.

पुढे एका परिषदेत मी हा शोध वाचला, टाळ्या मिळाल्या, आणि या जातीला माझं आडनाव द्यावं असं हेमंतनं सुचवलं. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही, तेव्हा मला जरा काळजी वाटली. पण पत्र आलं. जातीचं नामकरण, माझा सत्कार आणि कामाची सुरुवात, असं सगळं एकाच दिवशी ठरलं होतं.

नाशिक रोड

हेमंत स्टेशनवर घ्यायला आला होता. केस विरळ झालेत, बाकी तोच. तासाला पहिल्या बाकावर बसायचा आणि मी चुकीचं समीकरण लिहिलं तरी मान डोलवायचा, तसा अजूनही डोलवतो. घरी न नेता त्यानं आधी मिसळ खायला नेलं. मिसळीबरोबर पापड, दही, वर एक जिलबी. आमच्याकडे एवढे पदार्थ एकत्र फक्त श्राद्धाच्या पानावर असतात, हे मी त्याला सांगितलं नाही. रस्सा कोकणी जिभेला जाळणारा होता, पण सत्काराला आलेल्या बाईनं पाणी मागायचं नसतं म्हणून मी जिलबीवर निभावून नेलं.

खाता खाता त्यानं बेत सांगितला. पाड्यावरच्या सगळ्या गावठी आंब्यांच्या फांद्या छाटायच्या, खोडांना नवे फुटवे आले की त्यांवर आपल्या झाडाची कलमं बांधायची.

"सगळ्या म्हणजे किती झाडांच्या?" मी विचारलं.

"सगळ्याच, मॅडम. तीन-चार वर्षं फळ मिळणार नाही. पण नंतर प्रत्येक कोय म्हणजे पीठ. लोक तयार आहेत. मंजुळाबाई भोये म्हणून एक आजी आहेत, नमुने त्यांनीच वाळवून दिले होते. पहिला अंगठा त्यांनीच दिला. बांधावर त्यांची नऊ झाडं आहेत."

"वा," मी म्हणाले. तीन-चार वर्षं आंबा नसलेल्या पाड्याचं चित्र तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. रत्नागिरीत कोणी आमची कलमं छाटायला आलं असतं, तर माझ्या सासऱ्यांनी त्याला विहिरीत ढकललं असतं.

दिंडोरी, वणी आणि पुढे

गाडी रफिकभाईंची होती. नाशिक रोडचेच, साठीला आलेले, पांढरी दाढी नीट कातरलेली. संस्थेच्या पाहुण्यांना डोंगरात नेऊन आणण्याचं काम ते बरीच वर्षं करतात. हेमंत मागे बसून फोनवर मंडप आणि माईक ठरवत होता, त्यामुळे पुढे आम्हा दोघांच्या गप्पा झाल्या.

दिंडोरीच्या बाजूला दोन्हीकडे द्राक्षाचे मांडव. कोवळी पानं फुटलेली, मधून फवारणीचा वास. आमच्याकडे बागेला आंबा राखणारा गुरखा असतो; इथे द्राक्षाला औषध, कागद, जाळी, आणि वर मालकाची रात्रभर जागलेली नजर. फळ म्हणून आंबा किती कमी त्रास देतो, हे मला पहिल्यांदा कळलं. वणी मागे पडली तसे द्राक्षाचे मांडव संपले, उतारावर नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची, कापलेली शेतं आणि सागाची झाडं दिसू लागली.

वाटेत चहाला थांबलो तिथे एक गडबड झाली. सभेत प्रयोग करून दाखवायचा म्हणून मी पर्समध्ये फेरिक क्लोराइडची छोटी बाटली घेतली होती. सैल झालेलं बूच घट्ट करायला ती बाहेर काढली, तर तिचा एक थेंब माझ्या बशीत पडला आणि बशीतला चहा दौतीतल्या शाईसारखा काळा झाला. टपरीवाला घाबरला. त्याला वाटलं दूध नासलं.

"हे काय केलं मॅडम?" रफिकभाईंनी बशी उचलून बघितली.

मी वर्गात सांगायचे तसं सांगितलं. चहात टॅनिन असतं, हे औषध लोखंडाचं आहे, दोघं भेटले की काळं होतं. साध्या कोयीवर थेंब टाकला तरी असंच होईल, आपल्या झाडाच्या कोयीवर मात्र काही होणार नाही, तेच मी उद्या दाखवणार आहे.

"म्हंजे आपण रोज शाईच पितो," ते म्हणाले. त्यांनी आपला चहा एका घोटात संपवला आणि दुसरा मागवला.

बोरगाव सोडल्यावर गाडी सुरगाण्याकडे उतरू लागली. वळणावर एक बाई डोक्यावर तीन हंडे घेऊन चालली होती, अजिबात न डुलता. डिसेंबर नुकताच लागला होता, आणि एवढ्या लांबून पाणी. मी रफिकभाईंना विचारलं, उन्हाळ्यात काय करतात?

"मे महिन्यात या कधी. विहिरीत उतरून वाटीनं भरतात. एका हंड्याला लय वेळ लागतो. मी बघितलंय."

मी मान हलवली आणि डोंगराचा एक फोटो काढला.

पाडा, पहिला दिवस

पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना माझ्याबद्दल कोणी विचारू नये असं मला वाटतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. हेमंत मंडपाच्या कामाला शाळेकडे गेला आणि जाताना मला मंजुळाबाईंच्या अंगणात सोडून गेला. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, त्यापलीकडे बांध आणि बांधावर ओळीनं नऊ आंबे. खोडं दोघांच्या कवेत न मावणारी. मंजुळाबाई बारीक, ताठ, गुडघ्यापर्यंत लुगडं. त्यांच्या बोलण्यात 'आहे'चं 'आहा' होतं, आणि त्या भागात थोराला आणि लहानाला एकच संबोधन असतं.

"तू काय रत्नागिरीवरनं आलीस? एवढ्या लांबनं? बस, बस."

मला शेवटचं 'तू' कोणी म्हटलं त्याला बरीच वर्षं झाली असावीत. आमच्या घरी नवराही मला लोकांसमोर 'मॅडम' म्हणतो. पाच मिनिटं जरा टोचलं, मग बरं वाटायला लागलं.

त्यांनी मला झाडं दाखवली. नऊ झाडांना नऊ नावं. एकाच्या रसाला शेपूचा वास म्हणून तो शेप्या, एकाचा गर खोबऱ्यासारखा म्हणून खोबऱ्या, एक साखऱ्या, एक चोखताना नाकातोंडातून रस येतो म्हणून शेंबड्या. आमच्याकडे एकच नाव, हापूस, आणि उरलेले सगळे रायवळ. शेंबड्या माझ्या सासऱ्यांनी परसातही लावू दिला नसता.

"उद्या ही सगळी छाटणार," मी म्हटलं. मला त्यांच्या त्यागाचं कौतुक करायचं होतं.

"हां," त्या म्हणाल्या. खोबऱ्याच्या खोडावरून त्यांनी हात फिरवला. "तू म्हणतेस तर बरंच असंल. शिकलेली आहास."

मग जेवायला बसवलं. पाहुण्याला दिवेलागणीच्या आधी वाढायचं, ही तिथली रीत. रफिकभाईही बसले. उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा, नागलीची भाकर, आणि तिच्याशेजारी एक फिक्या तपकिरी रंगाची, जराशी जाड भाकर. ती मऊ होती, आणि चावताना थोडी बदामासारखी लागत होती.

"ही कशाची?" मी विचारलं.

"कोयीची. नागली घातली आहा थोडी, नायतर थापता येत नाय."

माझा ऊर भरून आला. माझ्या शोधाची भाकर मी खात होते. "शाळेमागच्या झाडाची ना?"

"नाय गं. शेंबड्याची."

मी घास चावायची थांबले. तुरटपणाचा मागमूस नव्हता. "आणि बाकीच्या झाडांची कोय?"

"सगळ्यांचीच खातो. आंब्याची कोय ती, झाड कोणचं बी असो. पाऊस लागला, घरातला दाणा संपला, की कोयीची भाकर. माझी माय करायची, तिची माय करायची."

"तुरट लागत नाही?"

मंजुळाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. लहान मुलानं भात कशाचा करतात असं विचारल्यावर बघावं, तसं. "तुरट असंल तर खाणार कशी? कोय फोडायची, बी काढायचं, कातरायचं, तीन दिस पाण्यात ठेवायचं. सकाळी पाणी बदलायचं, सांजेला बदलायचं. मंग उकडायचं, ते पाणी टाकायचं. मंग उन्हात घालायचं."

मी भाकर ताटात ठेवली. "मला ज्या कोयी पाठवल्या, त्या हेमंतनं फक्त वाळवायला दिल्या होत्या."

"हां. म्हणला उन्हात घाला, पाहुणीकडं रत्नागिरीला पाठवायच्या आहात. मंग मी न धुता कशी घालू? पाहुणीला तुरट कोय पाठवायची? काय म्हणशील तू आम्हाला?"

"हे जूनमध्ये?"

"मे संपता संपता. पाणी नव्हतं लय. माझ्या घरचं पाणी होतं ते घातलं, मंग विहिरीवरनं आणलं. तीन दिस."

रफिकभाईंनी हातातला घास खाली ठेवला.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायचं तर लाज वाटली. मी जगापुढे एका झाडाचा गुण म्हणून जे मांडलं होतं, तो या बाईच्या हातचा गुण होता, आणि तिनं तो पिण्याच्या पाण्यातून, माझ्यासाठी म्हणून खर्च केला होता. पण मी शास्त्रज्ञ आहे, म्हणून आधी पुरावा मागितला. हेमंतनं दिलेल्यातल्या काही कोयी न फोडता उरल्या होत्या, माळ्यावर टोपलीत पडलेल्या. मंजुळाबाईंनी दगडानं एक फोडली, बियाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी बाटली काढली आणि थेंब टाकला. तुकडा दुपारच्या चहासारखा काळा झाला. मग भाकरीच्या पिठाच्या चिमटीवर थेंब टाकला. थेंबाचा पिवळा रंग तसाच राहिला.

"न धुतल्यावर काळीच व्हायची," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांना यात नवल काही वाटलं नव्हतं. "विळा बी काळा होतो. त्यासाठी औषध कशाला?" आणि त्या भांडी आवरायला आत गेल्या.

रफिकभाईंनी मात्र लगेच हिशोब मांडला. अंगणातून गाडीकडे जाताना ते हळू म्हणाले, "मॅडम, म्हंजे झाडात काय नाय. मग झाडं कापायची कशाला? बोलून टाका ना आताच. हेमंतसाहेबांना पण, आजीला पण."

"उद्या सभेत सांगते," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर, नीट, प्रयोग करून. अर्धवट सांगितलं तर गैरसमज होतात. छाटणी सत्कारानंतरच आहे."

"जशी तुमची मर्जी."

हेमंत संध्याकाळी भेटला तेव्हा तो नामकरणाच्या फलकावरची रंगीत अक्षरं दाखवत होता. माझं आडनाव फार सुबक काढलं होतं. मी म्हटलं, छान आहे.

पाडा, दुसरा दिवस

मुक्काम शाळेशेजारच्या खोलीत होता. पहाटे कुठूनतरी इंजिनाचा आवाज येत होता, थांबत थांबत. पिठाची गिरणी असेल म्हणून मी कुशीवर वळले. नंतर आंघोळ केली, चांगली साडी नेसले, केस दोनदा विंचरले.

सभा अकराला ठरली होती, साडेबाराला सुरू झाली. नाशिक काय आणि रत्नागिरी काय, याबाबतीत महाराष्ट्र एकसंध आहे. आधी दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं दिवा तीनदा विझला. मग पाहुण्यांची ओळख. त्यात माझ्या पदव्यांमध्ये हेमंतनं प्रेमापोटी एक जास्तीची घातली. मग नारळ, गुलाबाचं फूल आणि शाल. शाल तपकिरी, लोकरीची, चांगली होती. खांद्यावर पडली तेव्हा थंडीत बरंही वाटलं, आणि त्या वेळी दोन-चार मिनिटं मी काय सांगणार आहे ते खरोखर विसरले होते.

बोलायला उभी राहिले. टेबलावर दोन बशा ठेवल्या, एकीत न धुतलेलं बी, दुसरीत मंजुळाबाईंचं पीठ. दोन्हीवर थेंब टाकला. पहिली बशी काळी झाली. ती उचलून मी लोकांना दाखवली आणि म्हटलं, "ही आपल्या शाळेमागच्या झाडाची कोय. हिच्यात वेगळं काही नाही. तुमच्या सगळ्या झाडांच्या कोयी अशाच आहेत. मला पाठवलेली कोय मंजुळाबाईंनी तीन दिवस धुतली होती, उकडली होती. मी ते विचारलंच नाही. माझा निकाल चुकीचा नव्हता, पण मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. जो शोध मी माझ्या नावावर वाचला तो तुमच्या घराघरात आहे. झाडं छाटू नका."

हेमंत मान डोलवत होता. तीस वर्षांची सवय, अर्थ लागायला वेळ लागला. मग त्याची मान थांबली. "मॅडम," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे आपण आधी आपसात बोललो असतो तर…" त्याचा चेहरा बघवत नव्हता. जूनपासूनचं काम होतं त्याचं.

मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला. "म्हंजे आंबे कापायचे नाय?"

"नाही."

मंडपात एकदम बोलणं सुरू झालं. कोणी हसलं, कोणी शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे यातल्या कोणालाच झाडं कापायची नव्हती. एवढी शिकलेली बाई सांगते म्हणून सगळे गप्प राहिले होते. मी मंजुळाबाईंना शोधू लागले. त्यांचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला सांगायचं, असं मी मनात ठरवलं होतं. त्या दिसल्या नाहीत.

"आजी बांधावर आहा," तोच म्हातारा म्हणाला. "तिनं पहाटंच मशीनवाल्याला बोलावलं. पाहुणी एवढ्या लांबनं आली, तिच्या शब्दाचं काम सत्काराआधी सुरू झालं पाहिजे म्हणून. आमच्यात तसं असतं. पाहुण्याचं बोलणं रिकामं ठेवत नाय."

रफिकभाई माझ्याआधी पळाले. साडी सावरत मी त्यांच्या मागे.

बांधावर नऊतली सात झाडं उभी होती. खोबऱ्या आणि शेंबड्या यांची फक्त खोडं उरली होती, माणसाच्या उंचीची, वर ओली पिवळी चकती. खाली फांद्यांचा ढीग, पानं अजून टवटवीत. मशीनवाला सावलीत बसून भाकर खात होता, साखऱ्याच्या फांदीला दोरी बांधून झाली होती. मंजुळाबाई शेण आणि माती पाटीत कालवून खोबऱ्याच्या कापलेल्या तोंडावर थापत होत्या, जखम बुजवायला.

रफिकभाईंनी साखऱ्याची दोरी सोडली. मशीनवाल्याला ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी मंजुळाबाईंसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. झाडं छाटायची गरज नव्हती, कोय सगळ्यांचीच सारखी, तुमच्या धुण्यानं ती गोड होते, माझं चुकलं.

त्यांनी हात न थांबवता ऐकलं. मग थांबल्या.

"हे तुला काल कळलं होतं ना? माझ्याकडं जेवलीस तवा?"

"हो."

"मंग काल का नाय बोललीस?"

रागानं विचारलं नव्हतं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं होतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. पुन्हा तपासणी हवी होती, सर्वांसमोर मांडणं योग्य होतं, छाटणी नंतर होणार होती. मी खोबऱ्याच्या ओल्या खोडाकडे बघितलं.

"सत्कार व्हायचा होता," मी म्हटलं. "ही शाल मिळायची होती."

मंजुळाबाईंनी हात लुगड्याला पुसला. माझ्या खांद्यावरच्या शालीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, बाजारात कापड बघतात तसं.

"जाड आहा," त्या म्हणाल्या, आणि शेणाची पाटी पायानं माझ्याकडे सरकवली.